शेटच्या डोक्यावरचा टॉवेल

नव्या लुगड्याच्या खळीचा वास आला की मी अजून वाकून बघतोय. नातसून हसती. तिला काय म्हाईत, त्या वाकण्यानं माझी नोकरी वाचलीय!

महाद्वार रोडला आदाप्पा शेटचं कापडदुकान होतं. मी तिथं लुगडी दाखवायचो, आन् शेट नसले की गिऱ्हाइकांच्या नकला करायचो. रस्त्यावरनं दुकान झगमगीत दिसावं म्हणून शेटनी दारापाशी मोठा दिवा टांगला. तवापासनं बायका गादीच्या कडंला बसायच्या, लुगडं बघायच्या आन् तोंड वाकडं करून उठायच्या. लग्नसराई तोंडावर, शेट हैराण.

एकदा दिवेलागणीला मी डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन त्या बायकांसारखा गादीच्या कडंला बसलो, वाकलो. "अरं बाबा, ह्यो रंग डाळिंबी व्हय? वांगी हाय की नुसता!"

दुकानातलं कुणीच हसंना. मागं शेट हुभे.

"उद्यापासनं येऊ नगंस."

मी मान खाली घातली, तर लुगड्यावर माझ्याच डोक्याची सावली! जरा सरकलो, डाळिंबी रंग झळकला.

"शेट, दिवा गिऱ्हाइकाच्या पाठीमागं हाय. हितं बसून बघा की!"

शेटनी टोपी काढली, माझा टॉवेल डोक्यावर घेतला. वाकले. सरकले. परत वाकले.

"च्यायला! रस्ता उजळला आन् लुगडं अंधारात!"

दुसऱ्या दिवशी वायरमननं दिवा आमच्या बाजूला घेतला. लग्नसराई जोरात गेली, मीबी राहिलो.

तवा वाटलं, मी शेटना शिकवलं. पर हाकलायच्या रागात असलेला मालक नकलाकाराचं ऐकून डोक्यावर पदर घेतोय, असं मला पुन्हा कुठं दिसलं न्हाय. म्हणून आता वाकतो, ते लुगड्यासाठी न्हाय, शेटसाठी.