आईच्या नावाचं झाड

ऑफिसात तिला सगळे पाचोळाबाई म्हणत. उभी हयात डोंगरदऱ्या तुडवायच्या, झाडपाला गोळा करायचा, रद्दी पेपरात दाबून वाळवायचा आणि जाड कागदावर चिकटवायचा, हीच तिची नोकरी. घरात गाद्यांखालीही पेपरच. आई करवादायची, "लोकांच्या मुली फुलं माळतात, आमची वाळवते!"

मग एका उतारावर तिला नवीन जातीचं झाड सापडलं आणि त्याला तिने आईचं नाव दिलं. आईचा सूरच पालटला. त्या वाळक्या फांदीचा, तिच्यावरच्या जांभळ्या फुलासकट, फोटो तसबिरीत बसला. आई दूधवाल्यालाही सोडेना. "तुझ्या नावाचं गवत तरी आहे का रे?"

आता आईला अंथरूण सुटत नव्हतं. "एकदा माझ्या झाडाचं ताजं फूल आण गं," ती म्हणाली.

लेक गेली. झाड जागेवर होतं, बहरलेलंही. पण फूल हिरवट, मोहरीएवढं, कुठल्याही रानात दिसणारं. आणि तिचं ते जांभळं फूल? ते झाडावर चढलेल्या वेलीला लटकत होतं.

तिला आठवलं. नमुना तोडला तेव्हा फांदीला फूल नव्हतंच. बिनफुलाचा नमुना कोण विचारतो? म्हणून झाडाखाली पडलेलं उचलून तिने बेचक्यात चिकटवलं होतं. साहेबांनी विचारलंही, "फांदीलाच होतं ना?"

"हो, सर."

एवढ्या एका 'हो'वर आईचं नाव उभं होतं.

घरी येऊन तिने दोन्ही फुलं उशीशी ठेवली आणि सगळं सांगितलं. आईने जांभळं फूल डोळ्यांजवळ धरलं.

"म्हणजे हे माझं नाही?"

"नाही."

"आणि हे हिरवं?"

"तेही नाही. ते झाड साधंच, आधीच नाव असलेलं."

"मग माझं कुठलं?"

"उद्या साहेबांना सांगते. नाव रद्द होईल, आई."

दारात दुधाची किटली वाजली. आई एकदम म्हणाली, "आधी ती तसबीर काढ. तो आत येईल."

तिने घाईघाईने तसबीर उतरवली आणि गादीखाली सारली.

"काय आजी, आलं का फूल तुमच्या झाडाला?" दूधवाल्याने विचारलं.

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. "तिला विचार."

"नाही," ती म्हणाली. "तसं झाडच नाही. मी खोटं बोलले होते."