“म्हणजे तुम्ही पोलीसच ना?”

गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या ऑफिसात नोकरी केली, की किस्से शोधावे लागत नाहीत. कपाटावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. फक्त हसावं की घाबरावं, तेच कळत नाही!

आमचं ऑफिस बेलापूरला. माणसं तीनच: देशमुख मॅडम, पराग आणि मी. चोऱ्या का होतात, तक्रार कोण करतं, कोण करत नाही, हे लोकांनाच, अगदी चोऱ्या करणाऱ्या पोरांनाही, जाऊन विचारायचं. नाव फोडणार नाही असा शब्द द्यायचा आणि रेकॉर्ड करायचं. मॅडमचा नियम एकच. “पोलिसांचा चहा प्यायचा, मीठ खायचं नाही!”

*

ओळखीचे एक पोलीस साहेब ऑफिस बघायला आले. म्हणाले, “एवढ्याशा जागेत कशाला बसता? आमच्या पोलीस ठाण्यात वरची खोली रिकामी आहे. फॅन, पाणी, सगळं फ्री!”

मॅडमनी विचारलं, “आणि मुलाखतीला येणाऱ्यांनी जिना कुठून चढायचा?”

“लॉकअपच्या शेजारून. का?”

साहेब अगदी मनापासून विचारत होते हो!

*

जासईला जायचं होतं. रिक्षा मिळेना. पोलिसांची जीप थांबली, मी बसलो. दहा मिनिटांचा तर प्रश्न!

गावात उतरलो आणि बघता बघता आख्ख्या गल्लीची दारं बंद. ज्या काकूंनी फोनवर “ये, सगला सांगतंय” म्हटलं होतं, त्यांनी ओटीवर बसवलं, चहा दिला.

मी म्हटलं, “काकू, बोलू या का?”

“चहा पी नि जा. तू त्यांचे गारीतून आलास. मना इथंच रहायचा हाय!”

*

तळोजाला टपरीवर पराग एका कामगाराशी बोलत होता. त्याचा मोबाइल हिसकावलेला. तो म्हणाला, “तक्रार घेतलीच नाय ओ त्यांनी.”

मागच्या बाकावरून आवाज आला, “घेतली असती! तूच परत आला नाहीस!”

साध्या कपड्यातला हवालदार! 

“चालू द्या तुमचं,” हवालदार म्हणाला. “साहेब बोलले, लांबूनच लक्ष ठेव.”

कामगार अर्धी कटिंग टाकून जो गेला, तो पुन्हा त्या टपरीवर दिसलाच नाही.

*

रिपोर्ट वाचून साहेब भडकले. “चोऱ्या कमी झाल्यात, हे कुठेच नाही!”

मॅडम म्हणाल्या, “चोऱ्या तेवढ्याच आहेत, सर. लोकांनी तक्रारी करणं सोडलंय.”

“मग कमीच झाल्या ना!”

 

*

आणि मग मॅडमचीच चेन गेली. सकाळी वॉकला, सोसायटीच्या गेटबाहेर. आईची शेवटची आठवण. मानेवर लाल वळ घेऊनच त्या ठाण्यात गेल्या.

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूच म्हणाले, “मॅडम, हे काम करणारी पोरं तुमच्याशी बोललीत. रेकॉर्डिंग द्या, चेन संध्याकाळपर्यंत गळ्यात!”

मॅडमचा हात गळ्याकडे गेला. डोळे भरले. “त्यांना शब्द दिलाय, सर,” एवढंच बोलून त्या उठल्या.

आठवड्याभराने ऑफिस उघडायला गेलो, तर दाराच्या कडीला प्लॅस्टिकची पिशवी. आत चेन! तुटलेली कडी जोडून, पॉलिश करून!

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. “आता सगळ्यांना वाटणार, मी रेकॉर्डिंग दिलं!” चेन गळ्यात घातली नाही. तशीच पिशवी घेऊन ठाण्यात. मी सोबत.

साहेबांनी पिशवीत डोकावलं आणि उभेच राहिले. “कुणी दिली?”

मॅडम म्हणाल्या, “तेच विचारायला आलेय, सर!”