आप्पांचं चार नंबर

अंबडच्या माझ्या प्रयोगशाळेत पाणी तपासायला आणणारी माणसं बाटली टेबलावर ठेवतात, पावती घेतात आणि रिपोर्ट कधी मिळेल ते विचारून निघून जातात. शेवाळे आप्पांनी बाटली ठेवली, झाकण काढलं, माझ्यासमोर त्यातला एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला. मग गिळून म्हणाले, "पोटाला चांगलं हे, बॉयलरला वाईट. किती वाईट, तेवढं तुम्ही सांगा."

तपासायला आणलेलं पाणी असं पिऊ नये, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले की विहीर सायखेड्याची आहे, त्यांची स्वतःची आहे आणि आता तब्येतीचं जे व्हायचं ते कधीच होऊन गेलंय. रिपोर्ट आला तो त्यांच्या म्हणण्यासारखाच होता. पिण्यायोग्य, पण क्षार भरपूर. सायखेड्यात विहिरीचं पाणी जड असतं हे तिथल्या कोणालाही ठाऊक आहे. आप्पांनी मात्र तो आपलाच शोध असल्यासारखा रिपोर्ट दोनदा वाचून घेतला.

कुठला बॉयलर, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला. फोटोत द्राक्षाच्या बागेच्या कडेला वाफेचं एक छोटं रेल्वे इंजिन उभं होतं. मला वाटलं, कुठल्या तरी रिसॉर्टची सजावट असेल. "सजावट नाय," आप्पा म्हणाले. "आज ना उद्या चालणार हे ते. स्वतःच्या वाफेवर." त्या शेवटच्या दोन शब्दांवर त्यांनी जो जोर दिला, त्याचा अर्थ मला पुढे कळला.

आप्पा शिकलेले इंजिनियर होते आणि चांगले खमके कारखानदार. विंचूरच्या वायनऱ्यांना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या ते अंबडला बनवत. वय झाल्यावर कारखाना मुलाच्या, प्रसादच्या, हाती देऊन ते सायखेड्याच्या मळ्यात राहायला गेले. त्याच सुमाराला एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचं भंगार निघालं. तिथे फाटकापाशी चौथऱ्यावर ऊस ओढणारं हे इंजिन वर्षानुवर्षं उभं होतं आणि दर सव्वीस जानेवारीला कोणी तरी त्याच्यावर रंगाचा नवा थर चढवत असे. आप्पांनी ते ट्रेलरवर घालून घरी आणलं, बागेच्या कडेने रूळ टाकले आणि रंग खरवडायला बसले. रंगाखाली पितळेचा चारचा आकडा निघाला. तेव्हापासून त्याचं नाव चार नंबर. लाडाचं नाव ठेवायला त्यांनी नकार दिला. यंत्राला लाडाचं नाव ठेवलं की माणसं त्याच्या चुका पोटात घालतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी पहिल्यांदा मळ्यात गेले तेव्हा शेडच्या दाराशी मला हात धुवायला लावले. तिथे नळ होता, साबण होता आणि खुंट्यांवर फडकी टांगलेली होती: पितळेचं वेगळं, तेलाचं वेगळं, काचेचं वेगळं. माणूस स्वच्छतेच्या बाबतीत जवळजवळ आजारी होता. मालतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या की ह्या घरात बनियन फाटायची वाट कोणी बघत नाही, नवी असतानाच ती शेडमध्ये जाते. काकूंना इंजिनाबद्दल राग नव्हता आणि कौतुकही नव्हतं. जावयाच्या गावाकडचा पाहुणा लांबला की बाई जशी निमूट चहा देत राहते, तसं त्यांचं चाललं होतं.

प्रसाद व्यवहारी मुलगा. वायनरी बघायला येणारी माणसं मळ्यातही येतील, तर इंजिन लवकर हलावं, एवढीच त्याची इच्छा होती. बॉयलर दुरुस्त करा, दर वर्षी निरीक्षकाकडून तपासून घ्या, पाणी शुद्ध करा, ह्या सगळ्या उपद्व्यापापेक्षा कॉम्प्रेसर जोडून दाबाच्या हवेवर ते चालवावं, असं त्याला वाटे. बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि त्यात खोटंही काही नाही. आप्पा एकदा नाशिकला गेलेले असताना त्याने तसं करूनही बघितलं. आप्पा परतले तेव्हा चार नंबर खटखट करत शेडबाहेर येत होतं. ते जवळ गेले, बॉयलरच्या अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "चालतंय. पण गार हे." मग कॉम्प्रेसरची नळी स्वतः सोडवून गुंडाळून ठेवली. बाप-लेकात त्यावरून भांडण झालं नाही, पण पुढे प्रसाद बरेच दिवस शेडकडे फिरकला नाही.

तर सगळं बॉयलरवर येऊन ठेपलं होतं. आत कारखान्याच्या काळापासूनचा क्षार जाड थराने बसलेला होता. तो काढायला सौम्य ॲसिड, किती वेळ ठेवायचं, धातू खाल्ला जाऊ नये म्हणून काय मिसळायचं, नंतर सोड्याने कसं धुवायचं, हे मी त्यांना नीट समजावलं. माझ्या देखत एकदा ते झालंही. बराचसा थर निघाला, कोपऱ्याकोपऱ्यातून थोडा राहिला. मी म्हटलं, राहू द्या, एवढ्याने काही बिघडत नाही. आप्पांनी मान हलवली.

मी गेल्यावर ते बॅटरी घेऊन आत डोकावत बसले असणार. राहिलेला थर त्यांना बघवेना. त्यांनी आपल्या अंदाजाने जास्त कडक ॲसिड भरलं आणि विंचूरला एका लग्नाला गेले. नवरदेवाची वरात डीजेपुढून हलेना, मुहूर्त टळला, जेवायला उशीर झाला, आणि यजमान पडले जुने गिऱ्हाईक, त्यामुळे पंगतीतून उठता येईना. परत आले तोवर दिवस कलला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला आनंदाने फोन आला. "ताई, आतून ताटासारखं लख्ख झालंय." काय केलं ते त्यांनी सांगितलं, तेव्हा क्षाराबरोबर पत्राही खाल्ला गेला असणार हे माझ्या लक्षात आलं. पण ज्याचं झालं होतं तो माणूस इतका खूश होता की मी फक्त एवढंच म्हटलं, पेटवण्याआधी निरीक्षकांना बोलवा.

बॉयलरची परीक्षा अगदी साधी असते. तो गार पाण्याने काठोकाठ भरायचा, पंपाने दाब वाढवायचा आणि कुठे पाणी येतं का बघायचं. निरीक्षक अबोल गृहस्थ होते. दाब निम्म्यावरही गेला नव्हता, तेवढ्यात खालच्या अंगाला पत्र्यावर घाम फुटावा तसे थेंब दिसायला लागले. एक पुसला की शेजारी दुसरा. निरीक्षकांनी छोट्या हातोडीने तिथे ठोकून बघितलं, पंप थांबवायला सांगितला आणि जुन्या कारखान्यात बॉयलरची निगा कशी नसते त्याबद्दल काही तरी बोलायला लागले.

आप्पांनी त्यांना मध्येच थांबवलं. सगळ्यांसमोर, प्रसादसमोरही, म्हणाले, "साहेब, कारखान्याला बोल नका लावू. त्यांनी गंजवलं असंल, पण खाल्लं मी. ह्या ताई नको म्हणत होत्या."

हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कोणी विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल आदर वाटला, आणि तोवर तो फारसा वाटत नव्हता हेही खरं. निरीक्षक म्हणाले की पत्र्याला खड्डे आधीपासूनच होते, क्षाराने ते बुजवले होते इतकंच. आग पेटलेली असताना, शेजारी माणसं उभी असताना ते फुटले असते, त्यापेक्षा आज गळाले हे बरं. मात्र ह्या बॉयलरला परवानगी मिळणार नाही.

त्यानंतर आप्पा शेडमध्ये जाईनासे झाले. काकूंनी मला फोन करून सांगितलं की हे दुपारी टीव्हीवरच्या मालिका बघतात, शांत जेवतात आणि भाजीला नाव ठेवत नाहीत. त्यातल्या शेवटच्या गोष्टीची त्यांना सर्वात जास्त काळजी वाटत होती. मी भेटायला गेले. आप्पा इकडचं तिकडचं बोलले, पावसाबद्दल, द्राक्षाच्या भावाबद्दल. प्रसादने हळूच कॉम्प्रेसरचा विषय काढला तर म्हणाले, "लावा. मला काय."

काकू तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "विंचूरला तुमची एखादी टाकी गळाली असती, तर काय केलं असतं?"

"नवा पत्रा घातला असता," आप्पा म्हणाले.

"मंग?"

एवढंच बोलून त्या आत गेल्या. आप्पांनी चहा संपवला, चपला घातल्या आणि शेडकडे गेले. बॉयलर बनवायचा परवाना त्यांच्या कारखान्याकडे नव्हता, त्यामुळे जन्मभर पत्रा वाकवलेल्या माणसाला आपलं काम दुसऱ्याकडे द्यावं लागलं. ते दिलं, पण दिल्यावरही सोडलं नाही. त्या कारखान्यात ते रोज खुर्ची टाकून बसत आणि वेल्डरला सूचना करत. शेवटी तिथल्या मालकांनी प्रसादला फोन केला की वडिलांना घेऊन जा, नाहीतर काम तरी घेऊन जा.

नवा बॉयलर परीक्षेला उतरला. चार नंबर पेटलं ते उन्हाळ्यात, कारण शेजाऱ्यांशी तसा करारच होता. झाडावर माल असेपर्यंत धूर करायचा नाही, मण्यांवर काजळी बसली तर परदेशी पाठवलेला माल परत येतो. द्राक्षांचे तोडे संपले, एप्रिलची छाटणी झाली, बागा बोडक्या झाल्या, तेव्हा आप्पांनी आदल्या सकाळीच लाकडांचा बारीक जाळ घातला. गार लोखंड एकदम तापवलं की ते कुठे तरी ओढलं जातं, म्हणून दिवसभर सबुरीने ऊब द्यायची. "घाई असली त्यानं गॅसवर चहा करावा," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दाबाचा काटा चढला, शिट्टी झाली, गावातली कुत्री एकजात भुंकली आणि चार नंबर स्वतःच्या वाफेवर बागेच्या कडेने गेलं. आप्पांचा चेहरा मला धुरामुळे नीट दिसला नाही. दिसला असता तरी तो त्यांनी दुसरीकडे फिरवला असता.

मग सगळे आमरस-मांडे खायला बसले आणि आप्पा आले नाहीत. आग काढून टाकली होती, पण ते इंजिनापाशी खुर्ची घेऊन बसले होते. तापवताना लागते तेवढीच सबुरी गार होताना लागते, त्यात कोणी खुळ्याने गार पाणी सोडलं की संपलं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, कोण सोडणार आहे? त्यावर ते म्हणाले, "पेटवायला अख्खं गाव येतं, ताई. निवेपर्यंत बसायला एकच माणूस पुरतो, पण तो लागतो." काकूंनी त्यांचं ताट तिकडेच पाठवलं. काटा शून्यावर येऊन अंगावर हात ठेवता येईपर्यंत, म्हणजे दिवेलागणीपर्यंत, ते उठले नाहीत.

आप्पा पुढच्या हिवाळ्यात गेले. हृदयाचं दुखणं जुनं होतं. नाशिकच्या दवाखान्यात थोडे दिवस राहिले, तिथल्या नळाच्या पाण्याबद्दल नर्सेसना मत ऐकवलं, आणि एका सकाळी संपलं. बागांना माल लागलेला होता, त्यामुळे चार नंबर शेडमध्ये गार उभं होतं.

तोडे संपत आले तसा प्रसादचा मला फोन आला. वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं नाही, ह्याच उन्हाळ्यात आप्पांच्या नावाने इंजिन चालवू, असं त्याच्या मनात होतं. फक्त कॉम्प्रेसरवर. पेटवायचं कोणी, सांभाळायचं कोणी, हा त्याचा प्रश्न होता आणि तो गैर नव्हता. पेटवणारा माणूस मिळेल म्हणा, पण दिवसभर इंजिनाजवळ बसेल कोण? 

चार दिवसांनी मालतीकाकू माझ्या प्रयोगशाळेत आल्या. गाडी प्रसादच चालवत होता, पण तो बाहेरच थांबला. काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि मी काही म्हणायच्या आत एक घोट घेतला. थोडा वेळ तोंडात धरला.

"मला तर गोडच लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा. हवेवर नाय चालवायचं म्हणून सांगितलं मी त्याला."

चार नंबर वाफेवर चाललं. आदल्या दिवशी बारीक जाळ, सकाळी शिट्टी, कुत्री, सगळं तसंच. पेटवायला प्रसादने एक जाणता माणूस आणला होता आणि स्वतः कोळसा ओढून काळा झाला होता. मग पंगत बसली. काकू दिसेनात म्हणून मी ताट घेऊन शेडकडे गेले. दाराशी नळावर हात धुतले. त्या आप्पांच्या खुर्चीत बसल्या होत्या, पदर खोचलेला, आणि घडी केलेल्या फडक्यावरून तळहात इंजिनाच्या अंगाला लावलेला.

मी ताट पुढे केलं, म्हटलं, काकू, खाऊन घ्या, दिवस चढलाय.

त्यांनी हात काढला नाही.

"तुम्ही जेवा, ताई," त्या म्हणाल्या. "अजून गरम हे."