नरलांडग्याचा पंचनामा

जगात खोटं बोलणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण दुसऱ्याला सुखानं चार थापा मारू न देणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा निघाला. बहीण त्यांना मामा म्हणते, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. मामांची सगळी नोकरी वनरक्षक म्हणून गेली. आधी शेवगावकडच्या उजाड माळांवर लांडग्यांच्या मागे आणि नंतर प्रवरेकाठच्या उसात बिबट्यांच्या मागे. कुणाची शेळी मेली की जागेवर जायचं, ठसे मोजायचे आणि ती कुणी मारली याचा पंचनामा लिहायचा. निवृत्त होऊन मामा कोल्हारला घरी येऊन बसले, पण खिशातला मोजायचा टेप काही निवृत्त झाला नाही. आमच्या बेलापूरच्या घरी ते बहिणीला बघायला आले तेव्हा बाकीची मंडळी पोहे खात तिला शिक्षण, स्वयंपाक विचारत होती, आणि मामा अंगणात उकिडवे बसून माती न्याहाळत होते. आत आले ते गंभीर चेहऱ्यानं. आमच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. मामा म्हणाले, "तुमच्याकडं दोन मांजरं येत्यात. त्यातलं एक मागच्या डाव्या पायानं लंगडतंय. त्येला दवाखाना दावा." बाकी त्यांनी काहीच विचारलं नाही. यालाच होकार म्हणायचं, हे आम्हाला मागाहून कळलं.

कोल्हारमधला एक शेतकरी चार दिवस चौकात सांगत होता, की बिबट्यानं त्याच्या डोळ्यांदेखत शेळी नेली, आणि जाता जाता दोघांची नजरानजर झाली तेव्हा आधी बिबट्यानं मान खाली घातली. दहा माणसं त्याच्याभोवती रोज चहा पीत होती. पाचव्या दिवशी मामा त्याच्या गोठ्यावर गेले, वाकून बघितलं आणि चौकात येऊन म्हणाले, "नखं उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत घेतो. शेळी मारली ती तुझ्याच मोत्यानं." त्या दिवसापासून सगळं गाव त्या भल्या माणसालाच मोत्या म्हणू लागलं. तो वर्षभर मामांशी बोलला नाही. मामांना त्याचं नवल वाटे. "मी त्येची भीती घालवली, अन् त्यो माझ्यावरच रुसला!"

असे हे मामा, मामी गेल्यानंतर एकटेच, दोन वर्षांपूर्वी लेकीकडे विलायतेला गेले. लेक आणि जावई तिथल्या एका खेड्यात राहतात. घरामागे रान. ढगाळ हवा, बोलायला कुणी नाही, अंगणात माती नाही. मामा आठ दिवसांत कोमेजले. त्यांचं मन रमावं म्हणून लेकीनं एक गोष्ट काढली: त्या रानात म्हणे नरलांडगा, म्हणजे पुनवेच्या रात्री लांडगा होणारा माणूस, दिसतो. कुत्र्याला फिरवायला गेलेल्या एका बाईला दिसला होता, सायकलवाल्याला दिसला होता, आणि गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तर झाडाला हात लावून दोन पायांवर उभा असलेला पाहिला होता. मामा म्हणाले, "लांडगा लई लाजाळू जनावर. त्यो कशाला मानसात येईल? अन् मानसाचा लांडगा व्हायला ह्यांना पुनव लागती? आमच्याकडं जमिनीची मोजनी लागली तरी हुतोय." पण डोळे लकाकले. दुसऱ्या दिवशी मामा कोट, कानटोपी आणि टेप घेऊन त्या म्हाताऱ्याच्या दारात हजर.

तो म्हातारा एकटाच राहत होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गावाच्या तोंडाशी घर आणि हातात काठी, म्हणून मामांनी त्याला 'पाटील' हा किताब देऊन टाकला. नरलांडगा दिसल्यापासून दर रविवारी लांबून लांबून लोक त्याच्याकडे येत. तो अंगणात खुर्च्या मांडी, चहा करी आणि हात वर करकरून ती गोष्ट सांगे. लेक दुभाषी झाली. पाटलानं गोष्ट सांगितली, मामांनी जागा विचारून घेतली आणि ते थेट रानात शिरले.

तिथं त्यांना खुरांचे ठसे सापडले. झाडावर चढलेला वेल जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत साफ खाल्लेला, आणि त्याच्यावर हिरवागार. मामा लेकीला म्हणाले, "शेळी बाभळीला लागती तसं हे हरीन हाय. पुढचे पाय झाडाला लावून उभं ऱ्हातंय." तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते हरीण तसंच उभं राहिलेलं दिसलं. लेकीनं मोबाईलवर फोटो काढला आणि मोठ्या कौतुकानं गावाच्या ग्रुपवर टाकला. गाव हसलं. लोकांनी मामांना रस्त्यात अंगठे उंचावून शाबासकी दिली, दुकानातल्या बाईनं बिस्किटांचा पुडा दिला. मामा खूश.

रविवारी बापलेक फिरायला निघाले. पाटलाच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. कपबश्याही होत्या. पाटील कोट घालून एकटाच बसला होता. त्यानं मामांना पाहून हात केला, हसलासुद्धा, पण गोष्ट काही सांगितली नाही.

लेक म्हणाली, "अहो आप्पा, आपण खरं तेच सांगितलं की."

"व्हय. पर आपल्याला इचारलं कुनी हुतं?" मामा म्हणाले, आणि फाटक ढकलून आत जाऊन एका खुर्चीवर बसले.

पुढचे दोन महिने ते रोज जात. लेक कामावर, त्यामुळे दुभाषी नाही. पाटील इंग्रजीत बोले, मामा मराठीत. मी मामांना विचारलं, "तुम्हाला काय कळायचं?" म्हणाले, "त्यो बायकूबद्दल बोलायचा. मी बी."

निघायच्या आदल्या दिवशी पाटील त्यांना रानाच्या कडेपर्यंत घेऊन गेला. अचानक थांबला आणि काठीनं झाडीत काहीतरी दाखवू लागला. मामांनी निरखून पाहिलं. तीस वर्षं जनावरं ओळखणारे ते डोळे; समोर होता तो वाळलेला एक बुंधा. मामा म्हणाले, "यस्स!" एवढं मोठ्यानं, की पाटील दचकलाच. मग त्यानं मामांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. घरी येऊन मामांनी वहीचं पान फाडलं आणि रीतसर पंचनामा लिहिला: सदर जनावर दोन पायांवर उभे असलेले पंचांनी समक्ष पाहिले, सबब अर्जदाराचे म्हणणे खरे आहे. खाली सही केली. पाटलाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यानं तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला.

गेल्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. पाटील गेला होता, झोपेतच, विनासायास. मी त्या दिवशी कोल्हारलाच होतो. संध्याकाळी मामा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "तुझ्या मोबाईलात ते रान दिसंल का रं?" मी नकाशा काढून दिला. वरून पाहिलं की रान म्हणजे नुसता हिरवा डाग, कडेला एक करडं छप्पर. मामांनी त्यावर बोट ठेवलं. चुकून नकाशा सरकेल म्हणून ते बोट हलवत नव्हते. थोड्या वेळानं मोबाईलचा उजेड विझला.

"परत लाव," मामा म्हणाले.