सेटवर हरवलेले लोटू

लोटू पाटलांना ऐकू येत नाही, हे गोडादऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. उभी हयात कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेली, त्यात कानही गेले. बायको सरलाबाई त्यांच्याशी हातांनीच बोलते. घराबाहेर पडलं की मात्र तिचा जीव टांगणीला. मागून गाडी आली तर यांना कळायचं कसं?

लेक नूतन हटूनच बसली, म्हणून रविवारी दोघं तिच्याबरोबर बारडोलीकडे गेले. तिथे उसाच्या शेतांमध्ये सिनेमासाठी अख्खं गाव उभारलं होतं. लोकांनी दोरीच्या अलीकडून बघायचं. देऊळ, चावडी, कुडाची घरं; लांबून अगदी खरीखुरी.

"आज ती घरं पेटवणार आहेत, आई. आगीचा सीन आहे," नूतन म्हणाली.

नवऱ्याला खुणेने सांगावं म्हणून सरलाबाई वळली, तर लोटू शेजारी नव्हते.

चहाच्या टपरीवर नाहीत, गाडीपाशी नाहीत. एवढ्यात भोंगा ओरडू लागला, "सब पीछे! सब पीछे!" माणसं भराभर मागे सरली. सरलाबाई दोरीपाशी उभ्या रखवालदाराकडे धावली. हा भोंगा लोटूंना थोडाच ऐकू जाणार!

"भाई, मेरा आदमी अंदर होगा," ती रखवालदाराला म्हणाली.

"अंदर कोई नहीं, मासी. देख लिया."

"उसको सुनाई नहीं देता रे!"

तो हसला. वाऱ्यावर घासलेटाचा वास आला. पेटते टेंभे घेतलेली माणसं घरांकडे निघाली होती. सरलाबाई दोरीखालून वाकली आणि साडी सावरत धावत सुटली. मागून शिव्या आल्या.

पहिलं दार ढकललं, आत नुसते बांबू. दुसऱ्या घरात कुणी नाही. तिसऱ्याच्या मागच्या सावलीत लोटू उकिडवे बसून ऊस सोलत होते. तिला बघून हसले आणि एक कांडकं पुढे केलं.

तिने खूण करायला हात उचलले, पण एकही खूण जमेना. शेवटी तिने त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि मनगट धरून ओढत बाहेर आणलं.

सिनेमावाला तावातावाने धावत आला. पण नूतनने बापाच्या कानाकडे बोट दाखवलं तेव्हा त्याने टेंभेवाल्यांना मागे बोलावलं. मग सगळी घरं पुन्हा तपासली, तेव्हा कुठे आग लावली.

परतताना ती जळती घरं आठवून लोटू गाडीत मोठ्याने म्हणाले, "कितलं भारी जयनं!"

सरलाबाईने मान डोलावली. तिने आग पाहिलीच नव्हती. त्यांचं मनगट अजून तिच्या हातात होतं, लाल झालेलं.