दाढेखाली उरलेलं सिमेंट

तामलवाडीत फरशी म्हटलं की खाजाभाई, म्हणजे मी. चाळीस वर्षं गुडघ्यांवर चाललोय. गुडघे गेले, दाढ गेली, शहाणपण तेवढं शाबूत राहिलं.

त्या दाढेच्या जागी तुळजापूरच्या सोनाली डॉक्टरांनी हाडात स्क्रू बसवला. त्यांच्या दवाखान्याची फरशी माझ्याच हातची, त्यामुळं खुर्चीत आडवा पडलो तरी मी मिस्त्रीच होतो. स्क्रूवर दाढेची टोपी चिकटवायला त्यांनी सिमेंट घेतलं. दातालाही सिमेंटच लागतं हे कळल्यावर मला चेव चढला.

"म्याडम, आत पोकळ ऱ्हायला नको बरं का!"

टोपी बसली. फरशी बसली की वरून ठोकायची, त्या सवयीनं मी हनुवटीला खालून तळव्याचा दणका दिला.

"अहो, काय करताय!" डॉक्टर ओरडल्या. दिसलं तेवढं सिमेंट त्यांनी पुसलं, दोऱ्यानं काढलं. "आत हिरडीखाली उतरलं असणार. तिथं वाळलं की घाण साठते, हाड झिजतं. आज लाइट नाही. उद्या याच, एक्स-रेचा फोटो काढून बघू."

मी गेलो नाही. एकदा बसवलेलं काम पुन्हा बघायला मी कधीच कुणाकडं गेलो नव्हतो, मग मीच ठोकून बसवलेली ही टोपी कशाला तपासून घ्यायची? घरी नखानं दाढ ठोकून पाहिली. आवाज भरीव आला. मी स्वतःला पास केलं.

दोन महिन्यांत ब्रशवर रक्त दिसायला लागलं. ते मी बायकोपासून, शरिफाबीपासून, लपवलं. पण वास कुठं लपवणार? ती नाकाला पदर लावून म्हणाली, "तोंडात उंदीर मेलाय का तुमच्या? चला दवाखान्यात."

फोटोत दाढेच्या कडेला पांढरा ठिपका होता, आत उरलेलं सिमेंट. "हाड झिजायला लागलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता स्क्रू टिकेलच असं सांगत नाही." तेव्हा मात्र मी घाबरलो. माझी दुसरी बाजू आधीच रिकामी आहे. ही दाढ गेली तर भाकरी दुधात कुस्करून खायची वेळ.

टोपी काढून त्यांनी हिरडी साफ केली. ती भरून आल्यावर पुन्हा टोपी बसवताना त्यांनी वेगळंच केलं. टोपीच्या आत नेमका बसेल असा एक खुंट बनवला होता. सिमेंट भरलेली टोपी आधी त्या खुंटावर, तोंडाबाहेरच दाबली. जास्तीचं काठावरून बाहेर आलं, ते पुसून टाकलं. आत उरला नुसता पातळ थर. तीच टोपी लगेच माझ्या स्क्रूवर.

"हात मांडीखाली ठेवा," त्या म्हणाल्या. मी ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच माझं तोंड उघडं होतं आणि मी गप्प होतो.

आठ दिवसांनी मात्र मी सांगितल्या वेळेला हजर झालो. फोटोत ठिपका नव्हता, हिरडीतून रक्त नव्हतं. दाढ वाचली. मी छाती काढून बाहेर आलो आणि पायरीवर चप्पल घालायला वाकलो.

पायरीच्या कडेला सिमेंटचा वाळलेला ओघळ होता. सहा वर्षांपूर्वीचा, माझाच. त्यात माती आणि केस अडकून काळी रेघ झाली होती. डॉक्टर रोज त्यावरून आत जात होत्या आणि मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. मला फार लाज वाटली. पिशवीतली छिन्नी काढून मी खाली बसलो.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. "खाजाभाई, अजून घरी नाही गेलात?"

"न्हाय म्याडम. तुमी माझं काढलं, आता माझं तुमच्याकडं ऱ्हायलेलं काढतो."