अप्पांचं अडलेलं कोडं

गाडी सुटायला पाच मिनिटं उरली होती, तरी अप्पा कल्याण स्टेशनच्या बाकावर शब्दकोडं सोडवत बसले होते. मी पहिल्यांदाच घर सोडून चालले होते, तेही थेट भिलाईला, नर्सच्या नोकरीवर. आई पदराने नाक पुसत होती, आणि माझे वडील पेन्सिल घेऊन उभे-आडवे शब्द शोधत होते. मला रागच आला. शिट्टी झाल्यावर ते उठले, पेपरची घडी केली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली.

"तीन अडल्यात! भर आन् पत्रानं कळव!" ते ओरडले. डब्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

अप्पा नेहमी ओरडूनच बोलत. भिवंडीच्या एका कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारे. पंचवीस वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. कारखान्यात तसंही कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. तिथली माणसं ओठांवरून आणि बोटांवरून बोलतात, आणि आमच्या घरातही तीच भाषा चाले. ड्युटीवरून आले की अप्पा ओट्यावर पेपर पसरत. अडलं की सुचवलेला अर्थ मोठ्याने वाचायचा आणि जितकी अक्षरं तितकी बोटं वर करायची. मग ज्याला सुचेल त्याने मदत करायची. कोर्टकचेरीचे शब्द शेजारचे उत्तर प्रदेशातले चाचा पुरवत, कारण त्यातले निम्मे त्यांच्याच बोलीतले. भाजीपाला आणि शेतीचे शब्द आईकडे. तिला वाचता येत नव्हतं, पण तिचं उत्तर कधी चुकलं नाही. "त्यानं पोट भरतंय काय?" असं म्हणत चुलीपुढूनच ती शब्द फेकायची. पुस्तकी शब्द माझ्या वाट्याला यायचे. अप्पांनी एकट्याने पुरं केलेलं कोडं मी कधी पाहिलं नाही. शिक्षण सातवीपर्यंतच, तेव्हा येत नसेल, असं मी धरून चालले होते.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना ते पहिले महिने आठवत असतील. सकाळी 'सिस्टर, इधर आइए'ने सुरू व्हायचं आणि रात्रीच्या मेसपर्यंत मराठीचा एक शब्द कानी पडायचा नाही. फोन करायचा तर अप्पांना ऐकू येत नव्हतं. एकदा नाक्यावरच्या एसटीडी बूथवर आईने त्यांच्या कानाला रिसीव्हर लावला. "काय? काय?" एवढंच ते म्हणत राहिले, आणि मग रिसीव्हर आईच्या हातात देऊन बाहेर जाऊन उभे राहिले. त्यानंतर ते कधी बूथवर आले नाहीत.

आमचं बोलणं उरलं ते पाकिटातून. दर आठवड्याला कोड्याचं एक कात्रण यायचं, वर 'सप्रेम जयभीम', खाली 'अडलंय, मदत कर'. दोन-तीन शब्द कोरे असायचे. दुसऱ्याच दिवशीच्या पेपरात उत्तर छापून यायचं, पण अप्पा ते न बघता घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. माझं पत्र पोचलं की मगच डबा उघडायचा आणि ताळा बघायचा. आठ-आठ दिवस एक माणूस उत्तराशेजारी बसून माझी वाट बघायचा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी घाईघाईत वेगळ्या कागदावर शब्द लिहायची, कात्रण ठेवून घ्यायची आणि पाकीट पेटीत टाकायची.

मग ते कात्रण आलं. 'मागावर इकडून तिकडे धावणारा', दोन अक्षरं. कोरं.

धोटा! सूत घेऊन लूमवर दिवसभर सटासट धावणारा लाकडी धोटा. आमच्या घरात लहान पोरं त्याच्याशी होडी म्हणून खेळत. माझी त्या दिवशी डबल ड्युटी झाली होती, पाय सुजले होते. मी लिहिलं, 'अप्पा, पंचवीस वर्षं धोटा बघताय आणि मला विचारता? सोपे शब्द तरी तुमचे तुम्ही भरा. मला इथे श्वास घ्यायला वेळ नाही.' आपण मोठा विनोद केला असंही मला वाटलं, हे कबूल करते.

पुढच्या आठवड्यात पाकीट आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिना गेला तशी मी घाबरले आणि आईला बूथवर बोलावणं धाडलं.

"तब्येत बरी हाय गं," आई म्हणाली. "पर तू काय लिवलंस त्यांना? पेपर आनत्यात, वाचत्यात आन् ठेवून देत्यात. पेन्सिल हातात घेत न्हाईत. म्हनत्यात, पोरीला काम हाय, तिला कशाला सतवायची."

"पण आई, धोटा त्यांना माहीत नाही का?"

"शैले, आदी समदं भरत्यात, मंग तुज्यासाटी खोडत्यात. मी बघते ना रोज."

खोलीवर येऊन मी ते कात्रण खिडकीच्या उजेडात धरलं. त्या दोन चौकोनांत कागद खोडून खोडून पातळ झाला होता, आणि 'धोटा'ची पुसट रेघ अजून दिसत होती. मग जपून ठेवलेली सगळी कात्रणं एकेक करून उजेडात धरली. प्रत्येक कोरा चौकोन तसाच पातळ होता. मी कॉटवर बसून रडले. ज्याला माझा आवाज ऐकू येत नव्हता, त्याने माझ्याशी बोलायला एक वाट काढली होती आणि ती मी माझ्या हाताने बंद केली होती.

माफी मागणारं पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. असल्या पत्राने ते आणखी अवघडले असते. शेवटी ताप लिहायच्या तक्त्याच्या मागे पट्टीने चौकोन आखले आणि स्वतःच कोडं बनवायला बसले. अक्षरांना अक्षरं जुळवताना घाम फुटला. 'आपल्या दिघाशी गावच्या विहिरीवरचं झाड', 'आई रागावली की आपटते ते', 'चाचांचं आवडतं पेय' असे शब्द घातले. आणि शेवटी, आडवा शब्द, दोन अक्षरं: 'मागावर इकडून तिकडे धावणारा'. खाली लिहिलं, 'अप्पा, अडलंय. मदत करा.'

उत्तराला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत ड्युटी संपली की मी आधी टपाल बघायला जायची.

पाकीट उघडलं. माझंच कोडं परत आलं होतं, गडद पेन्सिलने सगळं भरलेलं, फक्त शेवटचे दोन चौकोन कोरे. खाली अप्पांचं अक्षर: 'सगळ्यांना इचारलं. हा एक कुनालाच येत न्हाय. तू येशील तवा बगू.'

मी कागद उजेडात धरला. चौकोन पातळ झाले होते.

मे महिन्यात रजेवर गेले तर हातपाय धुवायच्या आत अप्पांनी तो कागद पुढे केला आणि दोन बोटं वर केली. मी बराच विचार केल्यासारखं केलं आणि कारखान्यातल्यासारखा हात हलवून सांगितलं, मलाही येत नाही. अप्पा मान डोलावत हसले. "बाप तशी लेक," आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

आता भिलाईला आमचं क्वार्टर आहे, नवरा इथलाच, मुलं आपसात हिंदीत भांडतात. अप्पांनी लूम सोडला, आणि तो कारखानाही तिथे उरलेला नाही. तुम्ही जे मागे राहिलात ते विचारता, आता तुझं घर कुठलं? मी जिथे राहते ते माझं घर आहेच, त्यात खोटं नाही. पण जिथे कुणीतरी सगळं येत असूनही माझ्यासाठी अडून बसतं, तेही माझं घर आहे, आणि ते भिवंडीत आहे.

पेन्सिलीने भरलेला तो कागद अजून पत्र्याच्या डब्यात आहे. दर मे महिन्यात अप्पा तो काढतात आणि दोन बोटं वर करतात. यंदाही करतील. मला यंदाही येणार नाही.